मॅनेजरसमोरचा पालथा क्रेट

थंडी पडली की आमच्या घरात रद्दीला भाव येतो. एरवी कोपऱ्यातल्या वर्तमानपत्रांकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण मार्गशीर्ष सरता सरता बागेतल्या एकेका द्राक्षघडाला कागद गुंडाळायचा असतो. थंडीने मणी गुलाबी पडले की व्यापारी नाक मुरडतो, म्हणून हा खटाटोप. मग आमच्या दिंडोरीकडच्या हिरव्या बागा पांढऱ्या दिसायला लागतात आणि मी ओळींमधून वाचत वाचत फिरते. एका घडावर अर्धं राशिभविष्य, पुढच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्याच्या पुढे निम्मं शब्दकोडं. आमचे हे म्हणतात, तुला बागेत पाठवणं आणि वाचनालयात पाठवणं सारखंच, काम दोन्हीकडे होत नाही.

आज सकाळी पिकअपमधून रद्दीचे गठ्ठे उतरले, शेडभर त्या जुन्या कागदाचा कोंदट वास सुटला, आणि मला तो हंगाम आठवला. त्या हंगामात आम्ही द्राक्षांबरोबर एक मासासुद्धा कागदात गुंडाळला होता. मासा म्हणजे बाजारातून आणलेला नव्हे. जिवंत, पोहणारा, चांगला वीतभरापेक्षा मोठा, काळ्या अंगावर शेंदरी पट्टे असलेला. आणि त्याचं घर त्याच्यासकट आम्ही जुनं विकत घेतलेलं.

त्याची सुरुवात माझ्या दाढेपासून झाली. द्राक्षवाल्यांच्या घरात एक शब्द सकाळ-संध्याकाळ ऐकू येतो, तो म्हणजे ‘हंगामानंतर’. पंख्याची दुरुस्ती हंगामानंतर, माहेरी जाणं हंगामानंतर, चष्म्याचा नंबर हंगामानंतर. माझी दाढसुद्धा एका हंगामानंतरच्या दुसऱ्या हंगामानंतरवर ढकलली गेली होती. शेवटी गाल इतका सुजला की माझे सासरे, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, तेच म्हणाले, हिला घेऊन जा बाबा, हिचं तोंड बघून मजूर घाबरायचे.

पंचवटीत एका गल्लीत डॉक्टरबाईंचा दाताचा दवाखाना होता. बाहेरच्या खोलीत लांबलचक बाकडं आणि त्याच्या समोर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, काचेची पेटी. इतकी मोठी पेटी मी आयुष्यात पाहिली नव्हती. आमच्याकडची म्हैस आडवी मावली असती. आत मोजकी झाडं, गोल दगड, आणि हा एकटा मासा. बाकड्यावर जो कुणी येऊन बसेल त्याच्या बरोब्बर समोर तो येऊन थांबायचा आणि बघायचा. नुसता बघायचा. मी गालाला हात लावून बसले होते, आतून त्या यंत्राचा सूं सूं आवाज येत होता. आणि हा समोर तोंड उघडतोय, मिटतोय. याचं तोंड एवढं मोठं आणि याला कुणी आ करायला सांगत नाही, असं मनात आलं आणि मला त्या अवस्थेत हसू फुटलं. चिठ्ठ्या देणाऱ्या ताई म्हणाल्या, हा आमचा मॅनेजर, कोण आलं कोण गेलं सगळ्यांवर लक्ष असतं त्याचं.

मला रूट कॅनॉलसाठी पुष्कळदा जावं लागलं. खरं सांगते, शेवटी शेवटी मी दाढेसाठी कमी आणि मॅनेजरसाठी जास्त जात होते.

अखेरच्या खेपेला डॉक्टरबाईंनी सांगितलं की दवाखाना बंद करतेय. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला, तो किती दिवस मागे लागला होता. त्याचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, तिथे ही पेटी जाणं शक्यच नव्हतं. घ्यायला माणसं येऊन गेली होती, पण कुणाला नुसती काच हवी होती, कुणाला नुसता मासा. बाईंची अट एकच होती, दोघांना वेगळं करायचं नाही. माझं अर्धं तोंड बधिर होतं, तरी “मी नेते” हे दोन शब्द अगदी स्वच्छ बाहेर पडले. आमचे हे बाजूला उभे होते. त्यांचा चेहरा मी मुद्दामच पाहिला नाही.

पैशाचं बोलणं दोन वाक्यांत आटोपलं, पण चौकशी मात्र पाठवणीच्या वेळी मुलीची आई करते तशी झाली. पाणी विहिरीचं की बोअरचं, वीज किती वेळ जाते, घरात माणसं किती, मांजर आहे का. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “मी द्राक्षं खायला येईन हंगामात. तेव्हा तो मला दिसला पाहिजे, एवढंच.”

मी हो म्हणाले. केवढी मोठी जबाबदारी घेतली हे तेव्हा कुठे कळत होतं.

घरी बातमी कळल्यावर दादा म्हणाले, “विहिरीत मासे हायेत की. काठावर बसून बघायचे.” त्यांच्या हिशेबी पाणी हे वेलीला द्यायचं, गुरांना पाजायचं किंवा फवारणीत घालायचं, नुसतं बघायला पाणी साठवायचं म्हणजे अक्कल गहाण टाकल्याचं लक्षण. पण सुनेच्या हौसेला त्यांनी उघड नाही म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटेल त्याला, आमच्याकडे आता माशांचीबी बाग होणार हाय, असं सांगत सुटले.

पेटीचं माप ह्यांनी घेतलं. आमच्या ह्यांच्या डोक्यात फूट आणि इंच नाहीत, क्रेट आहेत. द्राक्षं भरायचा तो प्लॅस्टिकचा क्रेट उभ्या जन्मात इतक्यांदा उचललाय की जगातली कुठलीही वस्तू ते क्रेटमध्ये मोजतात. पेटी चार क्रेट लांब, दोन क्रेट रुंद. घराच्या दारातून दोन क्रेट शेजारी शेजारी सहज जातात, हॉलच्या भिंतीला चार क्रेट लागतात. झालं की मग, बसली पेटी. मीसुद्धा मान डोलावली.

आणायच्या दिवशी पंचवटीत जी करमणूक झाली ती विचारू नका. गल्ली अरुंद, पिकअप अर्ध्यातच थांबलेली, एका बाजूला भाजीची हातगाडी, दुसऱ्या बाजूला रिक्षावाल्याचा भोंगा. सगळ्यांनी मिळून ती रिकामी पेटी खांद्यावर घेतली आणि हळूहळू बाहेर काढली. काचेचं एवढं मोठं काही तरी माणसं खांद्यावरून नेतायत म्हटल्यावर पंचवटीत दुसरं काय वाटणार? दोन आजीबाई बाजूला सरकल्या, हात जोडले, आणि एकीने मला विचारलं, कोणत्या देवाचं गं मखर? मी म्हटलं, देव मागून येतोय. मागून खरंच ड्रम येत होता, कोरा निळा, कारण फवारणीचा जुना ड्रम वापराल तर बघा असा दम मी घरातून निघतानाच दिला होता. त्या ड्रममध्ये जुन्या पाण्यासकट मॅनेजर. त्या आजींनी ड्रमलाही नमस्कार केला. मी गाडीत मागे ड्रमच्या झाकणावर हात ठेवून बसले आणि गाव येईपर्यंत काढला नाही.

घरी पोचलो आणि ह्यांचा हिशेब उघडा पडला. आमच्या दारातून आत शिरलं की समोर एक भिंत आहे. घर बांधताना वास्तू बघणाऱ्या माणसाने सांगितलं म्हणून दादांनी ती आडवी घालून घेतलेली. घरात जायचं तर दारातून शिरून लगेच डावीकडे वळायचं. क्रेट कुठेही वळतो हो. एकामागे एक नेले तर चार काय चाळीस वळतील. पण चार क्रेट लांबीची अखंड काच कशी वळणार? पेटी अर्धी ओट्यावर, अर्धी घरात, आणि घरातली माणसं बाहेर, बाहेरची आत, अशी आमची सगळ्यांची कोंडी झाली. सासूबाई आतच अडकल्या होत्या, त्यांनी खिडकीच्या गजांतून सगळ्यांना चहा दिला. खिडकीचे गज कापून पेटी आत घेऊ असं कुणी तरी सुचवलं. दादा म्हणाले, गजाचं हंगामानंतर बघू.

अशी ती पेटी शेडमध्ये गेली. द्राक्षं निवडायची, भरायची ती आमची पत्र्याची मोठी शेड. सिमेंटच्या ठोकळ्यांवर जाड फळी, फळीवर थर्माकोल, थर्माकोलवर पेटी, पेटीत पाणी, पाण्यात मॅनेजर. तोडणीला अजून अवकाश होता, त्यामुळे शेड रिकामी. पेठकडच्या डोंगरातून दर हंगामाला येणाऱ्या बायका आलेल्या होत्या, पण त्या दिवसभर बागेत घडांना कागद लावत होत्या. घरातले सगळे बागेत. शेडमध्ये मासा एकटा आणि त्याच्या पंपाची बुडबुड.

मॅनेजरने खाणं टाकलं.

पहिल्या दिवशी वाटलं, प्रवासाचा शीण असेल. नंतर तो एका कोपऱ्यात तळाला जाऊन कलंडून पडू लागला. शेंदरी पट्टे फिके पडले. मी टाकलेले दाणे तसेच तरंगायचे, फुगायचे, मी ते जाळीने काढायचे. डॉक्टरबाईंचा फोन यायचा, त्या विचारायच्या, खाल्लं का त्याने? आणि मी आपली, रुळतोय हळूहळू, असं काहीबाही सांगायचे. फोन ठेवला की पुन्हा शेडकडे धावायचे. सासरी आलेल्या मुलीने अन्न सोडलं तर गाव काय म्हणेल, तसं मला वाटायचं. मला सासरी आल्यावर पहिले दिवस जेवण गेलं नव्हतं ते आठवायचं. तेव्हा मला निदान रडता तरी येत होतं.

ह्यांचं मत पडलं की त्याला थंडी बाधतेय. पहाटे पारा असा काही उतरत होता की लोक बागांच्या बांधावर शेकोट्या पेटवत होते. पेटीत पाणी गरम ठेवायचं यंत्र होतं, पण वीज गेली की तेही गप्प. मग दादा स्वतः उठले. चाळीस वर्षं द्राक्षाला थंडीतून काढणारा माणूस. त्यांच्या दृष्टीने थंडीवर औषध एकच. रद्दीचा गठ्ठा सोडला आणि पेटीला चारी बाजूंनी आणि वरून दुहेरी कागद लावून टाकला. चिकटपट्टीने कडा अशा बसवल्या की घडालासुद्धा इतक्या मायेने कधी कागद लागला नसेल. काम झाल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाले, आता लागंल त्याला ऊब.

मला ते बघून बरं वाटलं. पेटीची चेष्टा करणारा माणूस पेटीला पांघरूण घालत होता. पण मॅनेजर आणखीच खंगला. मी वरचा कागद उचलून बघायचे तर तो अंधारात तळाशी, एक डोळा वर करून पडलेला. एक दिवस मी सासूबाईंजवळ बसून चक्क रडले. एका माशासाठी रडतेस होय, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

मग तोडणी सुरू झाली. पहाटे तोडलेले घड क्रेट भरभरून शेडमध्ये यायला लागले आणि बायका बागेतून शेडमध्ये बसायला आल्या. हातात छोटी कात्री, मांडीवर घड, त्यातला तडकलेला, सडका, बारका मणी अलगद कापून काढायचा. यमुनाबाई त्यांच्यातली सगळ्यांत बोलकी, पंचविशीतच सगळ्यांची पुढारी झालेली. तिने आल्या आल्या विचारलं, या कागदात काय बांधून ठेवलंय. मी सांगितलं, मासा आजारी आहे. तिला काही ते पटेना. एवढ्या मोठ्या पेटीत मासा आहे आणि तो बघायचा नाही, म्हणजे काय? मी क्रेट मोजायला बाहेर गेले आणि परत आले तर तिने समोरचा सगळा कागद टरकावून त्याच्यावरच बैठक मारलेली. बाकीच्या बायका तिच्या शेजारी ओळीने. शेडच्या दारातून ऊन थेट काचेवर पडलेलं.

आणि मॅनेजर समोर आलेला. काचेला नाक लावून. यमुनाबाईकडे बघायचा, मग एक पाऊल सरकल्यासारखा शेजारणीकडे, मग तिच्या शेजारणीकडे. ओळीच्या टोकापर्यंत जाऊन परत.

मी दाण्यांची चिमूट टाकली. त्याने वळून गपकन खाल्ली. पुन्हा टाकली, पुन्हा खाल्ली. मी अशी ओरडले की दादा धोतर सावरत पळत आले, त्यांना वाटलं, काच फुटली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाकडं! त्याला बाकडं हवं होतं. वर्षानुवर्षं दिवसभर समोर ओळीने माणसं बसलेली, कुणी घाबरलेलं, कुणी कण्हणारं, कुणी त्याच्याशी बोलणारं; त्या सोबतीत त्याने दाणे खाल्ले होते. आम्ही त्याला रिकाम्या शेडमध्ये टाकलं आणि वरून कागदात कोंडलं. डॉक्टरबाईंना हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्या कायम आतल्या खोलीत असायच्या. बाकड्यावर काय चालतं ते पेशंटलाच माहीत.

दादांना मात्र हे मान्य नव्हतं. कागदाने ऊब लागली म्हणूनच तो सुधारला, असं ते आजही सांगतात. यमुनाबाईचं म्हणणं, त्याला तिची हिरवी साडी आवडली. सासूबाई साखरेवर ठाम आहेत. या विषयावर आमच्याकडे एकमत होण्याची चिन्हं नाहीत.

हंगाम ऐन भरात असताना डॉक्टरबाई आल्या. पुण्याहून एकट्या, बसने. मी त्यांना बघून चरकले. पंचवटीतल्या त्या टापटीप बाई, पण आता इतक्या वाळल्या होत्या की पोलकं खांद्यावरून उतरत होतं. त्या तडक शेडमध्ये गेल्या आणि दारातच थांबल्या. मॅनेजरचे पट्टे पळसाच्या फुलासारखे पेटले होते. समोर बायकांची ओळ, गप्पा, हसणं, कात्र्यांची कचकच, आणि हा आपला येरझाऱ्या घालतोय. बाई म्हणाल्या, “इतकी वर्षं मी याला येता-जाता उभ्यानेच पाहिलं. समोर बसले कधीच नाही.”

यमुनाबाईने एक रिकामा क्रेट पालथा घातला आणि हाताने झटकला. बाई बसल्या. मॅनेजर आला, समोर थांबला, बघत राहिला. ओळखलं की नाही, देव जाणे. बाईंनी डोळे पुसले ते सगळ्यांना दिसलं. थोड्या वेळाने त्यांनी शेजारणीची कात्री मागितली आणि मांडीवर घड घेतला. आणि काय सांगू! सगळं आयुष्य लोकांच्या तोंडातली कीड काढण्यात गेलेलं; शेजारच्या मण्याला धक्का न लावता सडका मणी असा काही उचलायच्या की बायका आपलं काम सोडून बघत बसल्या. मी माझ्या दाढेवरून जीभ फिरवली आणि मनातल्या मनात त्या मण्याला धीर दिला.

दुपारी सगळ्यांबरोबर त्या शेडमध्येच जेवल्या. भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. दोन भाकऱ्या झाल्या, तिसरी अर्धी मागून घेतली. हसत म्हणाल्या, पुण्यात मुलगा-सून कामाला गेले की आठवण झाली तर जेवते, नाही तर राहून जातं. एकटीसाठी ताट कोण वाढून घेतं? सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. दादा थोडे दूर बसले होते. त्यांनी जेवता जेवता एकदा बाईंकडे बघितलं, एकदा पेटीकडे, आणि खाली मान घालून भाकरी मोडली.

हंगाम उठला, बायका डोंगराकडे परतल्या. ठरल्याप्रमाणे ह्यांनी गज कापायला वेल्डर बोलावला. दादांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. म्हणाले, घरात दिवसभर कोण असतं त्याला बघायला? आणि स्वतःची खुर्ची, पाण्याचा तांब्या, पेपर, रेडिओ असं सगळं बिऱ्हाड उचलून शेडमध्ये, पेटीसमोर नेऊन मांडलं. मग त्यांना भेटायला येणारे तिथे बसू लागले. मग चहा तिकडे जाऊ लागला, मग संध्याकाळची भाजी मी तिथेच निवडू लागले. आमचा हॉल आता फक्त पाहुण्यांना दाखवायला आहे. बाईंचा तो क्रेट मात्र पालथाच ठेवलेला असतो. त्याच्यावर कुणी बसायला गेलं की दादा खाकरतात.

डॉक्टरबाईंचा फोन अजून येतो आणि पहिला प्रश्न अजून तोच. पूर्वी फोन मी घ्यायचे. त्या हंगामानंतर दादा घेतात. बाई विचारतात, मॅनेजरने खाल्लं का? दादा सांगतात, खाल्लं. आणि लगेच विचारतात, तुम्ही जेवला का? सुरुवातीला बाई हसून विषय बदलायच्या. दादा विषय बदलू देत नाहीत. काय जेवला, कोण होतं बरोबर, असं खोदून खोदून विचारतात. आयुष्यात कधी मला, जेवलीस का, असं न विचारलेला माणूस! पण मला राग येत नाही. खरंच येत नाही.

आज सकाळीही फोन वाजला. बायका कालच आल्यात, यमुनाबाईने गाठोडं खाली ठेवायच्या आधी पेटीला प्रदक्षिणा घातली. रद्दीचे गठ्ठे शेडभर पसरलेले, त्यांच्यामध्ये दादा खुर्चीवर, आणि मॅनेजर, आता जरा म्हातारा, जरा संथ, पण खाण्याला वाघ, काचेजवळ थांबून सगळा गोंधळ बघतोय. दादांनी फोन कानाला लावला.

“खाल्लं त्यानं. तुम्ही जेवला का काल?”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. दादांनी पाय लांब करून तो पालथा क्रेट पेटीच्या आणखी जवळ सरकवला.

“मग हंगामाची वाट कशाला बघता? आजच या.”